सुएझची लढाई मी एक दिवस आधी थांबवली

सुएझच्या कालव्यावरची लढाई कोणी थांबवली, याबद्दल पुस्तकांतून निरनिराळी माहिती मिळते. मोठमोठ्या देशांची नावं असतात. माझं नाव कुठेच नाही. याची मी कधी तक्रार केली नाही, पण आता वय झालं आहे, आणि ओळीने आठवतं आहे तोवर लिहून ठेवलेलं बरं. साल छप्पन, दिवस दिवाळीचे. मी अठरा वर्षांची, सातवी पास, आणि माझं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आलेलं.

आमचं गाव कारंज्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नागपूरचा पेपर मोटारीने फाट्यावर उतरायचा, तोही एक दिवस शिळा होऊन. बाबा आणि शेजारचे काका यांनी तो दोघांत मिळून लावला होता. काका नात्याचे नव्हेत. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, घराला घर लागून आणि वावराला वावर लागून. बाबांच्या चष्म्याची एक काच फुटली होती आणि काकांना जेमतेम सही करता यायची, म्हणून पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी, ऊन कललं की, आमच्या ओट्यावर. पुरुष बाहेर, बायका आत दाराशी, आणि मधे उंबऱ्यावर मी.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "पोरीच्या जातीनं गावभराले ओरडून सांगाव काय? उद्या सासरी कोन वाचू देईन तुले?" असं ती रोज म्हणायची आणि रोज कामं आवरून ऐकायला बसायची.

त्या साली पावसाळ्यात बातमी आली की मिसर देशाने, म्हणजे इजिप्तने, आपल्या जमिनीतून जाणारा कालवा स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि ज्या इंग्रज-फ्रेंचांकडे त्याचा कारभार होता ते खवळले. मी वाचलं. कोणीतरी विचारलं, कालवा म्हंजे काय? आता आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. दोन समुद्र जोडणारा वगैरे सांगून काय उपयोग? मी आपली सोपं करून म्हणाले, "आपला पाट असते नं, तसा. फक्त मोठा. जहाज जाईन एवढा."

झालं. तिथे माझी चूक झाली.

कारण पाट आमच्याकडे होता. आमची विहीर वरच्या वावरात, आणि खालचा तुकडा काकांच्या वावरापलीकडे. मोटेचं पाणी तिकडे न्यायला माझ्या आजोबांनी काकांच्या वडिलांना विचारून त्यांच्या वावरातून पाट खणला होता. त्याच्या बदल्यात आठवड्यातले दोन दिवस पाणी काकांचं. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललं होतं आणि त्यावरून कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"मंग तो पाट कोनाचा?" काकांनी विचारलं. "ज्याच्या वावरातून जाते त्याचा, का ज्यानं खंदला त्याचा?"

"ज्यानं खंदला त्याचा," बाबा म्हणाले.

"कायले? जमीन त मिसरवाल्याची हाय."

"जमीन हाय त्याची. पन मेहनत कोनाची?"

माझे बाबा बेचाळीसला इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले. अंगावर खादी, डोक्यावर खादी. आणि ते इंग्रजांच्या बाजूने! काकांनी त्या चळवळीत आमच्या विहिरीवर मोट हाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ते आता परक्या सत्तेविरुद्ध दंड थोपटून उभे. मला इतकी मजा येऊ लागली की मी रोज तीच बातमी पहिली वाचायची. आवाज चढवून वाचायची. पेपरात 'तणाव' असला तर मी 'भयंकर तणाव' वाचायची. एवढं मीठ चालतं, असं माझं मत होतं.

ओट्यावर शेवटचा शब्द मात्र फौजीबुवांचा. हे म्हातारबुवा मागच्या महायुद्धात खरोखर मिसरात जाऊन आलेले. फौजेत स्वयंपाकी होते. दोन वर्षं त्यांनी तिथे कांदे कापले होते, पण कालवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. भांडण कुठलंही असो, दोन देशांचं की दोन जावांचं, बुवांकडे त्यावर एकच औषध होतं. "मधात फौज घाला," ते म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

दसऱ्याला काकांचा भाचा मला पाहायला आला. पोहरादेवीच्या बाजूचं गाव त्याचं. फौजेत ट्रक चालवायचा आणि दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. त्याच्याबरोबरच्या मोठ्या माणसांनी नेहमीचं सगळं विचारलं, भाकरी येते का, शिवण येतं का. त्याने एकच विचारलं, "पेपर वाचते म्हंतात. वाचून दाखव."

मी वाचला. चांगला ठणठणीत वाचला. तो समोर बसून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे 'भयंकर' कुठी लिहिलं हाय?"

मी गारच पडले. तो पेपर माझ्या मांडीवर पसरलेला होता आणि तो समोरून, उलट्या बाजूने, माझ्याबरोबर वाचत होता. "उलटं वाचता येते मले," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. मला तो फार आवडला. लपवण्यासारखं आता काय राहिलंय? त्या दिवशी मी आईला भाजीत दोनदा मीठ घालून दिलं, आणि आई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही कळलं होतं. तुळशीचं लग्न झालं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. सगळं जमवून आणलं होतं काकांनी.

आणि दिवाळीच्या तोंडावर मिसरावर हल्ला झाला.

त्या संध्याकाळी मी काय वाचत होते ते मलाच ऐकू येईना, इतका ओटा तापला होता. त्याच आठवड्यात आमचा अख्खा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. पहिल्या पानावर होतं. मी वाचलंही. एकाने मान वर करून पाहिलं नाही. सगळे मिसरात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाटावर आडवी बाज टाकली, तीवर मांडी घालून बसले आणि बिडी पेटवली. "आजपासून पाट माहा," त्यांनी जाहीर केलं. "पानी जाईन. पन मले पुसून जाईन."

गाव लोटलं. बाबांनीही हसत हसत बैल जुंपले आणि मोटेमागून मोट अशी ओतली की बाजेखाली ठेवलेले काकांचे जोडे तरंगत आमच्या वांग्यांत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका बाजेवर उभे राहून फेटा उडवत होते. मी हसून हसून खाली बसले. खरं सांगते, आमच्या गावात एवढी मजा त्यापूर्वी कधी आली नव्हती आणि नंतरही नाही.

संध्याकाळी ओट्यावर माणूस मावेना. फौजीबुवा उभे राहिले. "आता आपल्या देशानं गप बसू नाई," ते म्हणाले. "आपली फौज तिथं मधात जाऊन उभी राह्यली पायजे. ज्यायले पटते त्यायनं हात वर करा."

सगळे हात वर गेले. बाबांचा गेला, काकांचा गेला, दोघांनी एकमेकांकडे पाहून आणखी वर ताणला. दाराआड बायकांचे गेले. माझ्या डाव्या हातात पेपर होता, मी उजवा वर केला. बांगड्या खाली कोपरापर्यंत घसरल्या. इतक्या लांबच्या देशाचं आपण ओट्यावर बसून ठरवतोय, या गोष्टीची मला नशाच चढली होती.

फौजीबुवांनाही चढली असावी. कारण दुसऱ्या सकाळी ते आठ माणसं घेऊन पाटावर आले. सगळ्यांच्या हातात लाठ्या. चार इकडे, चार तिकडे अशी त्यांनी ओळ लावली.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"तुमची लढाई होऊ नाई म्हनून आलो."

"लढाई कोठी हाय?"

"होईन ना," बुवा म्हणाले.

आणि झाली. पाटाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती, म्हणून एका बाजूचे चौघे काकांच्या मिरचीत उभे राहिले. काका ओरडले. त्यांच्याकडे वळताना एकाची लाठी पाटाच्या बांधावर बसली आणि बांध फुटला. पाणी मिरचीत शिरलं. ते अडवायला धावले ते उरलेली मिरची तुडवत धावले. काकांना वाटलं हे सगळं बाबांनीच घडवून आणलं, त्यांनी बाबांना ढकललं आणि बाबा खादीसकट चिखलात बसले. तिथून उठताना बाबा काकांना म्हणाले, "तुह्या बापानं मन मोठं करून जागा देली, अन तू बाजेवर बसून भीक मांगून राह्यला."

हे बोलायला नको होतं. काकांचे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला बाबाच पुढे होते. काकांचा चेहरा पांढरा पडला. "माहा भाचा तुह्या दारात पाय ठेवनार नाई," ते म्हणाले. बाज उचलून नेली नाही. ती तिथेच चिखलात उभी.

इकडचा फराळ तिकडे गेला नाही, तिकडचा इकडे आला नाही. मी करंज्या लाटता लाटता रडत होते. आईने एकदा पाहिलं आणि लाटणं काढून घेतलं. मला राग यायला लागला. बाबांचा आला, काकांचा आला, फौजीबुवांचा तर फारच आला, आणि सगळ्यांत जास्त त्या मिसरचा. काय बिघडवलं होतं मी त्यांचं? एक गोष्ट मात्र मनात टोचत होती. 'पाट' हा शब्द कोणी आणला होता ओट्यावर?

छापखान्याला दिवाळीची सुट्टी, त्यात मोटार बिघडली. चार दिवस पेपर नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी जुन्याच पेपराची घडी नवीन करून घातली आणि उंबऱ्यावर येऊन बसले. "पेपर आला," म्हणाले. माणसं जमली. काकाही आले. बातमीवाचून त्यांना राहवत नव्हतं. ते ओट्याच्या एका टोकाला बसले, बाबा दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची एकमेकांकडे पाठ.

मी वाचायला लागले. त्यातलं एक अक्षरही पेपरात नव्हतं.

"मिसरची लढाई थांबली. दोन्ही बाजूंनी मान्य केलं आहे की जमीन ज्याची आहे त्याची राहील, आणि पाणी पूर्वीसारखं जाईल." कालव्यातलं पाणी जातं कुठे, हे कोणी विचारलं नाही. मी पुढे निघाले. "मध्ये पडलेल्या फौजेने जी नासधूस केली ती तिनेच भरून द्यायची आहे. रोपं नव्याने लावून द्यायची आहेत."

फौजीबुवा खाकरले. "मिसरात रोपं?" कोणीतरी म्हणालं. "असतात," बुवा घाईने म्हणाले. "भल्ली असतात. मी पाह्यली." त्यांना समजलं होतं काय भरून द्यायचं ते.

आता थांबायला हवं होतं. पण एकदा माझा घोडा सुटला की सुटला. "आणि दोन्ही प्रमुखांनी," मी वाचलं, "कार्तिकी एकादशीच्या आत एकमेकांच्या घरी जाऊन फराळ करावा, असं लंडनहून कळवण्यात आलं आहे."

बाबांनी फुटक्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझ्या मांडीवरच्या पेपरात आठवड्यापूर्वीच्या साबणाच्या जाहिरातीचं चित्र वर आलेलं होतं, ते त्यांना ओळखू आलं असणारच.

"चाला," बाबा सावकाश म्हणाले. "इंग्रजायले एकादशी समजाले लागली. बरं झालं."

काका उठले. मला वाटलं घरी निघाले. ते सरळ वावराकडे गेले आणि चिखलातली बाज उपटून डोक्यावर घेऊन आले. येताना आमच्या ओट्यासमोर थांबले. "अनारसे केले का वहिनीनं?" त्यांनी बाबांना विचारलं, भिंतीकडे पाहून. बाबा म्हणाले, "केले असतीन. मले कोन देते?" आईने दोघांना एकाच ताटलीत आणून दिले.

त्या आनंदात मी झोपले, आणि सकाळी जाग आली ती भीतीने. आज खरा पेपर येणार होता! त्यात लढाई वाढलेली असली तर? विमानं, तोफा, आणखी चार देश त्यात उतरलेले? ओट्यावर माझी काय शोभा होईल? आणि माझं साक्षगंध? मी आईला न सांगता फाट्यावर पळाले. मोटार उभी राहायच्या आत मी पेपराची गुंडाळी हिसकून घेतली आणि तिथेच फाडून उघडली.

लढाई थांबली होती. मोठ्या अक्षरांत. खरी, छापलेली. गावच्या हिशेबाने माझ्या एक दिवस मागून.

मी रस्त्यात नाचले. मोटारीतले लोक खिडक्यांतून पाहत होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "युद्ध थांबलं!" तो म्हणाला, "तुमचं कोणी होतं तिथं?" मी म्हटलं, "नाही हो, कोणी नाही," आणि पुन्हा एक गिरकी घेतली.

साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. फौजीबुवांनी त्याआधी मिरचीची रोपं आणून स्वतःच्या हाताने लावली. भाचा आला, चढलेला दात दाखवून हसला, आणि कानाशी म्हणाला, "लंडनवाल्यायचं एकादशीचं मले मामानं सांगितलं. तो पेपर मले पाहाचा हाय." मी म्हटलं, "हरवला."

तिसऱ्या दिवशी त्याच्या गावी तार आली. सुट्टी रद्द. तो मोटार पकडायला आमच्याच फाट्यावर येणार होता, म्हणून घरच्या मोठ्यांना घेऊन निरोप सांगायला ओट्यावर आला. जगातल्या देशांच्या पंचायतीने ठरवलं होतं की आता मिसरात पुन्हा भांडण होऊ नये म्हणून मधे फौज उभी करायची. आपल्या देशाने हो म्हटलं होतं. त्याची तुकडी जायची होती.

काका एकदम उसळले, "कायले जाते आपला पोरगा? त्यायचा पाट, त्यायचं पानी. आपलं काय हाय तिथं?"

"लोकायच्या भानगडीत आपन काहून पडाव?" बाबा म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. तेच बाबा, तेच काका, तीच माणसं, त्याच जागा.

माझं डोकं फिरलं. सासरची माणसं समोर होती, तरी मी ओरडले, "त्या दिवशी सगळ्यायचे हात वर होते! ह्याच ओट्यावर!" आईने मला दंडाला धरून आत नेलं. आत गेल्यावर मी माझा दंड सोडवून घेतला आणि चुलीपुढे बसले. लग्न तो परत येईल तेव्हा, असं बाहेर ठरलेलं ऐकू आलं. परत येईल तर, असं कोणी म्हणालं नाही, पण कोणी तारीखही धरली नाही.

फाट्यावर पोचवायला फौजीबुवा गेले होते. त्यांनी त्याला सांगितलं म्हणे, "स्वयंपाकघराच्या जवळ राह्यजो. तिथं गोळी कमी येते."

वर्षभर मी पेपर वाचला. मिसरची बातमी आली की मी ती आधी मनात वाचायची. एखादी ओळ गाळायची. भयंकर हा शब्द पेपरात खरोखर असला तरी मी वाचत नव्हते.

तो आला. लग्न झालं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण मलाही वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं. मांडवपरतणीला आम्ही दोघं आमच्या गावी आलो आणि दुपारी काकांच्या वावरात पाटाच्या कडेला बसलो. मोट चालू होती. मिरची लाल झाली होती.

"तिथं तुमी काय केलं?" मी विचारलं.

"ट्रक चालवला. आन उभा राह्यलो." तो पाण्यात पाय घालून बसला होता. "इकडून गोळी आली की तिकडच्यायले वाटे आमी मारली. तिकडून आली की इकडच्यायले." मग थोडं थांबून म्हणाला, "माह्या संगचा एक जन सुरुंगावर गेला. त्या दिवशी पाळी माही होती. मले ताप होता म्हनून तो गेला."

त्याने पाय पाण्यातून वर घेतले.

"मले तिथं एकच वाटे," तो म्हणाला. "आमाले तिथं नेऊन उभं कराचं, हे कोनाच्या डोक्यातून निंगालं असंल?"

मला सरकारचं नाव घेता आलं असतं. देशांच्या पंचायतीचं घेता आलं असतं, फौजीबुवांचं तर अगदी सहज. मी उजवा हात वर केला. लग्नाचा हिरवा चुडा कोपरापर्यंत खाली घसरला.

तो हसला नाही. बघत राहिला. मग त्याने तो हात धरला आणि हळूच खाली आणला.